पाच सेकंदांचा तंबोरा: घरातल्या टेपरेकॉर्डरवर संगीत करायचं असेल तर

कॅसेटमधली टेप हेडसमोरून, म्हणजे आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागासमोरून, सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकते. फिलिप्सने १९६३मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून हा आकडा तोच आहे. म्हणजे फूटपट्टी घेऊन बसलात तर एक सेकंद कापून टेबलावर ठेवता येतो. मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर तीनतालाचं एक आवर्तन ३८ सेंटीमीटरचं होतं आणि झपतालाचं साधारण २४चं. लय ठरवा, गुणाकार करा, ब्लेड लावा. कापलेल्या तुकड्याची टोकं जोडून वेटोळं केलं की तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजत राहतो. यालाच लूप म्हणतात.

हेच सगळं कॉम्प्युटरवर माउसने होतं आणि फार लवकर होतं, हे मला कुणी सांगायला नको. मी दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरच बडवते. पण टेपवर वेळ हाताला लागतो, आणि एकदा ते डोक्यात बसलं की पुढची सगळी खटपट म्हणजे लांबी आणि वेगाचा हिशोब. इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तरी घाबरायचं कारण नाही. मी पेटी शिकलेली आहे, सर्किट शिकलेली नाही. कान तयार असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

यंत्र कुठलं घ्यायचं

सुरुवातीला दोन यंत्रं पुरतात. एक जुना बॅटरीवर चालणारा, आडवा ठेवायचा मोनो रेकॉर्डर, वर झाकण आणि पुढे पियानोसारखी बटणं असलेला. दुसरा तसलाच, किंवा स्टिरिओ डेक. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा, मुंबईत असाल तर चोरबाजार आहेच. त्याआधी घरातला माळा मात्र नक्की बघा. वडिलांचा टेपरेकॉर्डर "बिघडलाय" म्हणून वर टाकलेला असतो आणि दहापैकी बऱ्याच वेळा त्याचा फक्त बेल्ट गेलेला असतो.

बाजारात जाताना पिशवीत सेल, इयरफोन आणि स्वतःची एक कॅसेट असू द्या. कॅसेटवर आधीच पेटीचा एकच सूर मिनिटभर धरून ठेवा. विकणारा "एकदम चालू कंडिशन" म्हणणारच. तुम्ही तो सूर वाजवून बघा. सूर थोडा वर किंवा खाली लागला तर बिघडत नाही, वेग पुढे बदलायचाच आहे. सूर थरथरत असेल तर बेल्ट सैल झालाय किंवा रबरी चाक कडक झालंय, तेही बदलता येतं. प्ले दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण काहीच फिरत नाही, तर बेल्ट वितळलाय. आतला काळा चिकट राडा साफ करायची तयारी असेल तर घ्या, आणि भाव पाडून घ्या. मोटरच बंद असेल तर मात्र पुढच्या गाड्याकडे वळा.

रेकॉर्डचं बटण दाबलं जातंय का, हेही विसरू नका. नुसत्या वाजवणाऱ्या वॉकमनवर निम्मी मजा जाते. बटण अडत असेल तर कॅसेटच्या मागच्या बाजूची खाच उघडी आहे का ते बघा. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटवर कुणी चुकून रेकॉर्डिंग करू नये म्हणून तिथली पाकळी काढलेली असते. खाचेवर चिकटपट्टी लावली की कुठल्याही कॅसेटवर रेकॉर्ड करता येतं, हे ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना शिकवायला नको.

बेल्ट, मोटर, पिना वगैरे पुण्यात तापकीर गल्लीत मिळतं. जुना बेल्ट, तुटका का होईना, सोबत न्या. तोंडी माप सांगून दुकानातल्या काकांचा वेळ घालवू नका.

घरी आणल्यावर पहिलं काम साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून हेड पुसा, त्याच्या शेजारची बारीक धातूची दांडी पुसा. टेप ओढते ती हीच दांडी, मागच्या रबरी चाकाच्या मदतीने. चाकावर तपकिरी थर असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत पुसा. "टेपरेकॉर्डरने टेप खाल्ली" म्हणतो ना आपण, त्यात बहुतेक वेळा दोष या मळाचा असतो.

लूप: इथे घाई करू नका

साठ मिनिटांची, स्क्रूवाली कॅसेट घ्या. काही कॅसेट चिकटवून बंद केलेल्या असतात, त्या फोडाव्या लागतात आणि मग नीट बसत नाहीत. साठच का? कारण साठ मिनिटांच्या टेपची जाडी सुमारे १८ मायक्रॉन असते, नव्वदची १२च्या आसपास, एकशेवीसची ९. पातळ टेप जोडताना सुरकुतते आणि लूपमध्ये लगेच ताणली जाते.

आणि कापण्याआधी ती कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐका. आपल्याकडे बिननावाच्या कॅसेटवर कुणाचं बारसं, कुणाची ओवी, गावच्या काकांनी पाठवलेलं बोलतं पत्र असं काहीही निघतं. निघालं तर आधी त्याची कॉपी करून घ्या आणि कापायला दुसरी कॅसेट शोधा.

आता पाचही स्क्रू काढा, कॅसेट टेबलावर सपाट ठेवा आणि वरचं कवच सरळ वर उचला. आत काय काय दिसतं ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा: दोन दातेरी चाकं, खालच्या दोन कोपऱ्यांत छोट्या गोल फिरक्या, वरखाली पातळ निसरड्या चकत्या, आणि तोंडाशी मधोमध तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेली नमद्याची बारीक गादी. ही गादी हरवू नका. ती टेपला हेडवर दाबून धरते; ती नसेल तर तार स्वर गायबच होतात.

टेपची गुंडाळी काढून घ्या. चाकांना टेप पकडून ठेवणारी चिमुकली क्लिप असते, ती टेप सोडवून पुन्हा जागेवर बसवा, म्हणजे चाक गोल राहील. आता मोकळ्या टेपचं एक टोक धरा आणि रस्ता आखा: डाव्या कोपऱ्यातली फिरकी, तोंडासमोरून सरळ उजवी फिरकी, तिथून वर उजवं चाक, मग डावं चाक आणि परत डाव्या फिरकीवर. टोकं जिथे भेटतात तिथे बारीक मार्करने खूण करा. हे अंतर साधारण २३-२४ सेंटीमीटर भरतं, म्हणजे पाच सेकंद. नक्की किती ते कवचावर अवलंबून असतं, म्हणून माझा आकडा बघून कापू नका, तुमच्या खुणेवर कापा.

चाकांना वळसा द्यायचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच यंत्रांत उजवं चाक फिरायचं थांबलं की "कॅसेट संपली" असं समजून बटण खटकन वर येतं. लूप चाकाला घासून जात असेल तर ते फिरत राहतं आणि यंत्र फसतं.

कापताना दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकदम तिरकी कापा. तिरका जोड हेडवरून हळूच सरकतो, सरळ कापलेला जोड ठोका देतो. ब्लेड नवं हवं आणि चुंबकाजवळ ठेवलेलं नको. चुंबकत्व आलेल्या ब्लेडने कापलं तर दर फेरीला जोडावर "टक्" ऐकू येतं. हवं असेल तर तेही वापरा, फुकटचा मेट्रोनोम मिळाला. टोकं एकमेकांना भिडवा. एकावर एक चढू देऊ नका, मध्ये फटही ठेवू नका. चिकटपट्टी लावायची ती आतल्या अंगाला. कॅसेटच्या तोंडातून जी बाजू आपल्याला दिसते ती चुंबकीय बाजू, तिला काहीही चिकटवायचं नाही, बोटंही लावायची नाहीत.

चिकटपट्टी खास टेप जोडायची मिळते, ऑनलाइन मागवा. साधी पारदर्शक सेलोटेप नको. पुण्याच्या एप्रिलमध्ये तिचा गोंद कडेने बाहेर येतो, हेडला लागतो, आणि मग तुम्ही पुन्हा अल्कोहोल घेऊन बसता. पट्टीची रुंदी टेपपेक्षा केसभर कमीच हवी. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते, तेव्हा इथे चिमटा आणि चष्मा दोन्ही लागतात.

कवच बंद करण्याआधी उजव्या चाकात पेन्सिल घालून लूप दोन-तीनदा फिरवा. जड जात असेल तर लूप दोन मिलिमीटरने तोकडा झालाय. लोंबत असेल तर मोठा झालाय. थोडा सैल परवडतो. घट्ट लूप मोटरला ओढतो आणि सूर रडका लागतो.

लूप तयार झाला की त्याच्यावरूनच तुमच्या यंत्राचा खरा वेग कळतो. एक "टक्" रेकॉर्ड करा, स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्या मोजा. लूपची लांबी गुणिले दहा, भागिले लागलेले सेकंद. ४.७६ आलं तर यंत्र शिस्तीचं आहे. माझ्या एकाही यंत्राला ते आलेलं नाही.

यापेक्षा लांब लूप हवा असेल तर कवचाच्या मागच्या कडेला कानशीने दोन खाचा करा, लूप तिथून बाहेर काढा आणि एखाद्या गुळगुळीत पेनाच्या नळीला वळसा देऊन आणा. आडव्या रेकॉर्डरचं झाकण काढलं की हे सहज जमतं. पंखा बंद ठेवा.

वेग म्हणजेच सूर

पहिल्या लूपवर तंबोरा भरा. खरा असेल तर उत्तम, नाहीतर इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालेल, फक्त तो स्पीकरमधून वाजवून माइकने भरा. मोबाइलची वायर सरळ माइकच्या भोकात घालायची असेल तर मोबाइलचा आवाज अगदी तळाला ठेवून सुरुवात करा. माइकचं इनपुट फार थोड्या सिग्नलसाठी असतं, मोबाइल त्याला गुदमरवून टाकतो.

लूपवर रेकॉर्ड करताना मिटवणारं हेड आधी येतं आणि भरणारं नंतर, त्यामुळे तुम्ही मिनिटभर बटण दाबून ठेवलंत तरी शेवटचे पाच सेकंदच उरतात. कुठे थांबायचं ते कानाने ठरवा. जोडीच्या तारा घुमत असताना थांबलात तर शिवण कळत नाही.

आता स्क्रूड्रायव्हर घ्या. बऱ्याच कॅसेट मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं, कधी त्यावर रबरी बूच असतं. आत एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर, असतो. तो फिरवला की वेग बदलतो. कुठल्या बाजूला वाढतो ते मोटरीप्रमाणे वेगळं. कायमचं वेगाचं बटण हवं असेल तर तो प्रीसेट काढून, मल्टिमीटरवर त्याची किंमत मोजून, तेवढ्याच किमतीचा पॉट (बटणाने फिरवायचा रेझिस्टर) दोन वायरींनी बाहेर आणा. हे काम बॅटरीच्या यंत्रावरच करा. घरच्या लायनीवर चालणारा डेक उघडून त्यात बोटं घालायची हौस करू नका, त्याला जाणकार माणूस हवा. पॉट टोकाला नेला तर मोटर सुसाट सुटते किंवा अडखळत थांबते. निम्म्या वेगापर्यंत फारच थोड्या मोटरी सुखाने जातात. तीनचतुर्थांशपर्यंत जवळपास सगळ्या जातात आणि सध्या आपल्याला तेवढंच हवं आहे.

कारण वेग तीनचतुर्थांश केला की सा खाली येऊन मंद्र पंचम होतो. ट्यूनर लागत नाही. एका यंत्रावर मूळ तंबोरा लावा, दुसऱ्यावर त्याच तंबोऱ्याचा लूप, आणि पॉट हळूहळू फिरवत षड्ज-पंचम जुळेपर्यंत ऐका. सूर मिळाला की सगळी थरथर एकदम शांत होते, पेटीवाल्यांना आणि तबलेवाल्यांना हा क्षण ओळखीचा आहे.

आता दुसरी गंमत. वेग कमी झाला म्हणजे लूपही लांबला. पाच सेकंदांचा लूप आता पावणेसात सेकंदांच्या जरासा आत फिरतो, काटेकोर सांगायचं तर ६.६७. पहिल्या यंत्राच्या चार फेऱ्या आणि दुसऱ्याच्या तीन, दोन्ही वीस सेकंदांत पूर्ण होतात. म्हणजे ज्या प्रमाणाने सूर जुळला त्याच प्रमाणाने लयही जुळली, चाराला तीन, आणि वीस सेकंदांनी समेवर. स्वर आणि लय हे एकाच गोष्टीचे दोन वेग आहेत असं वर्गात कितीही ऐकलं असलं, तरी दोन टेपरेकॉर्डर हे समोर करून दाखवतात तेव्हा ते पटतं.

पण रागाचं भान ठेवा. तंबोऱ्यात पंचमाची तार असेल तर खाली आणलेल्या लूपमध्ये त्या पंचमाचा पंचम लागतो, म्हणजे रिषभ. यमनात ते फार देखणं वाटतं. मालकंसात रिषभही नाही आणि पंचमही नाही, तिथे हा लूप म्हणजे घोटाळा. मालकंसासाठी तंबोरा मध्यमाचा भरा किंवा नुसत्या षड्जाच्या तारा भरा, आणि वेग दोनतृतीयांश करा. मग सा खाली येऊन मंद्र मध्यम होतो, लूप साडेसात सेकंदांचा होतो, आणि तीनाला दोन असं पंधरा सेकंदांनी जुळतं.

आणि मींड? झाकण काढून आतलं जड चाक शोधा, ज्याला बेल्ट लागलेला असतो. त्यावर बोट अलगद टेकवा. सूर खाली घसरतो, बोट उचललं की परत वर जातो. किती दाबायचं हे सरावाने कळतं. पेटीवर आयुष्यभर मींड न मिळालेल्या माझ्यासारखीला याचं किती अप्रूप वाटलं असेल, ते पेटीवालेच जाणोत.

दोन यंत्रं कधीच बरोबर चालत नाहीत

वर मी वीस सेकंदांनी सम म्हटलं ते कागदावर. प्रत्यक्षात एखादं यंत्र किंचित पुढे जातं, सेल उतरतात, रबर तापतं. हे दुरुस्त करत बसू नका, हेच ऐकायचं आहे. एकाच आवाजाचे दोन सारखे लूप करा, दोन यंत्रांवर एकदम सुरू करा आणि खुर्चीत बसा. समजा वेगात एक टक्क्याचा फरक आहे. पाच सेकंदांच्या लूपमध्ये दर फेरीला ०.०५ सेकंदाची फट पडते. आधी एकच आवाज जाड झाल्यासारखा वाटतो, मग खोलीत प्रतिध्वनी आल्यासारखा, मग स्पष्ट दोन आवाज एकमेकांशी सवालजवाब करू लागतात. शंभर फेऱ्यांनी, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंदांनी, ते पुन्हा एक होतात. सुरातही एक टक्क्याचा फरक असतोच: काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा धरला तर सेकंदाला दीडच्या आतबाहेर आंदोलनं ऐकू येतात, जोडीच्या तारा किंचित उतरल्यासारखी.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या आवाजाचे लूप असेच दोन यंत्रांवर लावले होते. ती हळूहळू एकमेकांपासून सरकत गेली आणि त्या सरकण्यातूनच त्याची पुढची रचनापद्धत उभी राहिली. आपल्याकडे यासाठी भाजीवाल्याची आरोळी उत्तम. "मेथीऽऽ" मधला तो शेवटचा लांबवलेला स्वर लूपच्या शिवणीवर येऊ द्या.

थरावर थर चढवायचे असतील तर मिटवणारं हेड गप्प करावं लागतं. कॅसेटचं तोंड आपल्याकडे असताना टेप डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा डावीकडचं छोटं हेड हे मिटवणारं. त्याची वायर कापू नका. चांगल्या यंत्रांत ते हेड, रेकॉर्डिंगला लागणारी उच्च कंप्रता तयार करणाऱ्या सर्किटचा भाग असतं, वायर तुटली की रेकॉर्डिंगच बिघडतं. हेडच्या तोंडावर चिकटपट्टीचे दोन-तीन पदर लावा, टेप थोडी दूर राहिली की पुरतं. स्वस्त यंत्रांत मात्र तिथे साधं चुंबक असतं आणि रेकॉर्ड दाबलं की ते पुढे येतं. ते स्क्रू काढून बाजूलाच करावं लागतं, पट्टीला ते जुमानत नाही.

मग दर फेरीला नवा आवाज जुन्यावर बसतो. जुना पूर्ण राहत नाही. भरणारं हेडच त्याचे वरचे स्वर थोडे थोडे पुसत जातं. दहाबारा फेऱ्यांनंतर सगळ्यात आधी भरलेला आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो. म्हणून जे मागे असावं असं वाटतं ते आधी भरा आणि ज्याची धार हवी, झांज, घुंगरू, चमच्याचा टण्, ते शेवटी.

ताशा आणि गुदमरलेला माइक

मोनो रेकॉर्डरला आवाजाची पातळी ठरवायचं बटण बहुधा नसतंच. आतलं सर्किट स्वतःच ठरवतं: मोठा आवाज आला की दाबतं, शांतता झाली की उचलतं. बोलणं रेकॉर्ड करायला ते सोयीचं, संगीताला लोक नावं ठेवतात. मला विचाराल तर या यंत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालू असतो तेव्हा तिथे जा आणि ताशाचे पाच सेकंद भरा. घाव पडला की सगळं खाली दबतं, दोन घावांच्या मध्ये खरखर आणि लांबची गाड्यांची घरघर फुगून वर येते. लूपवर फिरवलं की ते यंत्राच्या श्वासासारखं ऐकू येतं. महागड्या माइकने भरलेल्या ताशाचा आवाज याच्यापुढे सोज्वळ वाटतो. माइकपासून किती दूर उभं राहायचं एवढंच ठरवायचं. ढोलाच्या रांगेसमोर गेलात तर नुसता फाटलेला आवाज मिळेल.

मोठ्या चकत्यांचं यंत्र मिळालं तर

म्हणजे कॅसेटऐवजी उघड्या चकत्यांवर टेप गुंडाळलेलं. मिळालं तर घ्या, पण त्यासाठी थांबून राहू नका. तिथे टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असते, कापणं-जोडणं बोटांना सोपं जातं, आणि वेग बहुधा ९.५ किंवा १९ सेंटीमीटर. रेकॉर्ड आणि प्लेची हेड वेगवेगळी असलेलं यंत्र असेल तर भरलेला आवाज लगेच पुढच्या हेडवर ऐकू येतो. दोन हेडमध्ये साडेतीन-चार सेंटीमीटर अंतर धरलं तर १९च्या वेगाला साधारण एकपंचमांश सेकंदाने, ९.५ला त्याच्या दुप्पट वेळाने. तो आवाज थोडा थोडा परत इनपुटला द्या, झाला प्रतिध्वनी. दोन यंत्रं असतील तर टेप पहिल्यावरून निघून दुसऱ्यावर गुंडाळू द्या. पहिलं भरतं, दुसरं वाजवतं. हेडमधलं अंतर मीटरभर असेल आणि वेग १९ असेल, तर तुम्ही आत्ता वाजवलेली फ्रेज सव्वापाच सेकंदांनी परत येते. टेबल सरकवलं की लय बदलते.

हे सगळं परदेशातच झालं असं समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) आणि टेपयंत्रं मांडून स्टुडिओ उभा केला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई त्यामागे होत्या. तिथे भारतीय संगीतकारांनी आणि डिझाइनरांनी भरलेल्या टेप पुढे कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, आता कुठे त्या लोकांपर्यंत पोचल्या आहेत. त्या जरूर ऐका.

पावसाळा, बुरशी आणि लेबल

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातून आलेली कॅसेट उन्हाकडे धरून खिडकीतून बघा. गुंडाळीच्या कडेला पांढरट ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती चांगल्या यंत्रात घालू नका, हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. एक भिकार यंत्र फक्त यासाठी वेगळं ठेवा, तोंडाला मास्क लावून कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवा, मग ते यंत्र पुसा. बुरशीने खाल्लेल्या टेपमध्ये आवाज मधेच बुडतो आणि वर येतो, त्याचा लूप कधी कधी फार सुंदर होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॅसेट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. स्पीकरजवळ ठेवू नका.

कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं असेल तर इयरफोनच्या भोकातून वायर काढा, आवाज एकचतुर्थांशपासून वाढवत न्या. मोनो यंत्राला स्टिरिओ पिन लावली की बहुधा एकाच कानात आवाज येतो. तो बिघाड समजू नका, कॉम्प्युटरवर मोनो करून टाका. आणि खरखर काढायचा मोह आवरा. ती काढली की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, तीही थोडी जाते.

प्रत्येक लूपवर लेबल हवं. काय भरलंय ते ऐकल्यावर कळतं, म्हणून ते लिहिण्यात जागा घालवू नका. लांबी मिलिमीटरमध्ये, षड्ज कुठला, कुठल्या यंत्रावर भरलं आणि तेव्हा पॉटचा काटा कुठे होता, एवढं लिहा. पेन्सिलने, कारण पॉटचा काटा पुढच्या वेळी हललेला असतो.